प्रश्न वाचकांचे : एका प्रथिनाच्या मागे गेलेली वर्षे

प्रश्न : माझी मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्राच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या सासूबाईंना गेली काही वर्षे अल्झायमरचा आजार असून आता त्या घरातल्या माणसांनाही ओळखत नाहीत. आजीची ही अवस्था मुलीने जवळून पाहिली आहे, आणि हा आजार मुळात का होतो, पेशीच्या आत नेमके काय बिघडते, यावरच संशोधन करायचे असे तिने ठरवले आहे. नात्यातली वडीलधारी मंडळी म्हणतात की त्यापेक्षा एखाद्या औषध कंपनीत नोकरी धरावी. तिला अडवण्याची आमची इच्छा नाही; परंतु असा शास्त्रज्ञ जन्मभर करतो तरी काय, आणि शेवटी त्याच्या हाती काय लागते, हे समजल्याशिवाय होकार द्यायला मन धजत नाही.
— एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : अशा कामाविषयी मोघम बोलण्यापेक्षा एकाच माणसाची कारकीर्द आरंभापासून पाहिलेली बरी. त्यासाठी मी मिशेल गोडर्ट यांची कारकीर्द निवडतो, कारण मेंदूच्या ऱ्हासाचे आजार रेणूंच्या पातळीवर समजून घेण्याचा गेल्या चाळीस वर्षांतला प्रवास त्यांच्या कामात सलग दिसतो. गोडर्ट मूळचे लक्झेंबर्गचे. बाझेल येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, केंब्रिजला पीएच.डी. केली आणि १९८४ मध्ये तेथील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत ते रुजू झाले. त्यानंतर त्यांनी संस्थाही बदलली नाही आणि प्रश्नही बदलला नाही.

तो प्रश्न त्यांच्याही पुष्कळ आधीचा होता. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आलोइस अल्झायमर यांनी ऑगुस्टे डेटर या एकावन्न वर्षांच्या बाईंना तपासले. त्यांची स्मरणशक्ती आणि भान दोन्ही ढासळत चालले होते. १९०६ मध्ये त्या वारल्यावर अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते असे दोन प्रकार त्यांना आढळले. हे निरीक्षण त्यांनी त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेनच्या सभेत मांडले. हे गुंते कशाचे बनलेले आहेत, हे मात्र पुढली जवळपास ऐंशी वर्षे कोणालाच सांगता आले नाही. तंतू कोणत्याही द्रावणात सहजी विरघळत नसत, आणि जे विरघळत नाही त्याचे रसायन शोधणे त्या काळी फार अवघड होते.

१९८५-८६ च्या सुमारास काही प्रयोगशाळांनी प्रतिपिंडांच्या, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रथिनांच्या, साहाय्याने ‘टाऊ’ नावाच्या प्रथिनाकडे बोट दाखवले. चेतापेशीच्या लांबच लांब शाखांमधून मालाची ने-आण ज्या सूक्ष्मनलिकांवरून होते, त्यांना चिकटून राहणारे हे प्रथिन निरोगी मेंदूतही असतेच. १९८८ मध्ये गोडर्ट, क्लॉड विशिक, टोनी क्राउदर, आरन क्लुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुंत्यातल्या तंतूंचा गाभा टाऊचाच आहे हे दाखवून त्या प्रथिनाचा क्रम प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी प्रौढ माणसाच्या मेंदूत टाऊचे सहा प्रकार असतात हे गोडर्ट यांच्या गटाने मांडले. एका वाक्यात सांगता येणाऱ्या या निष्कर्षामागे मृत रुग्णांच्या मेंदूंवर केलेले अतिशय चिवट काम आहे.

तरीही मोठी शंका शिल्लक होती. टाऊचे गुंते हे आजाराचे कारण आहे की मरणाऱ्या पेशीत उरलेला केवळ गाळ? दहा वर्षे हा वाद चालला. १९९८ मध्ये काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे मूळ थेट टाऊच्या जनुकातल्या बदलांत सापडले. हे दाखवणाऱ्या गटांपैकी एक गोडर्ट आणि त्यांच्या इटालियन सहकारी मारिया ग्राझिया स्पिलान्तिनी यांचा होता. एका प्रथिनाच्या जनुकात बदल झाला की तेवढ्यानेच मेंदू ढासळू शकतो, हे सिद्ध झाल्यावर गाळाचा मुद्दा मागे पडला. त्याच्या आदल्याच वर्षी स्पिलान्तिनी, गोडर्ट आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या चेतापेशींत १९१२ पासून दिसत आलेले ‘लेवी पिंड’ अल्फा-सिन्यूक्लिन या दुसऱ्या प्रथिनाचे असतात हे दाखवले होते. त्यानंतर २०१७ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाच्या, म्हणजे नमुना गोठवून इलेक्ट्रॉनांच्या झोताने पाहण्याच्या, तंत्राने, शोर्स शेरेस यांच्या गटाबरोबर, अल्झायमरच्या एका रुग्णाच्या मेंदूतून काढलेल्या टाऊच्या तंतूची रचना जवळजवळ अणूंच्या पातळीपर्यंत उलगडली. तंतूतल्या प्रथिनाची घडी इंग्रजी सी या अक्षराच्या वळणाची निघाली. पुढच्या वर्षी पिक यांच्या आजारातली, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका दुर्मीळ प्रकारातली, टाऊची घडी पाहिली, तर ती अगदी वेगळी होती. प्रथिन तेच असूनही घडी निराळी पडते आणि आजारही निराळा होतो, ही या क्षेत्रातल्या मला ठाऊक असलेल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे. २०१८ चा ‘ब्रेन प्राइझ’ गोडर्ट यांना जॉन हार्डी, क्रिस्टियन हास आणि बार्ट डी स्ट्रूपर यांच्यासह मिळाला.

सर्वांची वाट इतकी सलग नसते. सॅन फ्रान्सिस्कोचे स्टॅन्ली प्रुसिनर १९७२ मध्ये शिकाऊ चेतावैद्य, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेचे डॉक्टर, असताना त्यांच्याकडे क्रॉइट्सफेल्ट-याकोब या मेंदूचा ऱ्हास करणाऱ्या दुर्मीळ आजाराची एक रुग्ण आली. आजार झपाट्याने वाढला आणि ती दगावली. त्या एका मृत्यूने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. मेंढ्यांना होणाऱ्या तशाच आजारावर अनेक वर्षे काम करून त्यांनी १९८२ मध्ये असे मांडले की हा संसर्ग विषाणूचा किंवा जिवाणूचा नसून निव्वळ एका प्रथिनाचा आहे, आणि त्याला ‘प्रिऑन’ हे नाव दिले. त्यावर अत्यंत कडवी टीका झाली. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९७ मध्ये.

आता दैनंदिन काम कसे असते ते सांगतो, कारण आपल्या मुलीचे दिवस त्यातच जातील. समजा, तिला अल्फा-सिन्यूक्लिनवर काम मिळाले. एकशे चाळीस अमिनो आम्लांचे हे प्रथिन माणसाचे असले तरी त्याचे जनुक जिवाणूंत घालून ते जिवाणूंकडूनच तयार करवून घेतात. रात्रभर वाढवलेले जिवाणू सकाळी फोडायचे, त्यातल्या हजारो प्रथिनांतून हवे ते एकटे वेगळे करायचे, आणि ते खरोखरच शुद्ध आहे ना हे जेलवर तपासायचे, यात पहिला आठवडा सहज जातो. मग ते द्रावण सदतीस अंश तापमानाला हलवत ठेवतात. सुरुवातीला ते पाण्यासारखे नितळ असते. त्यात थायोफ्लेव्हिन नावाचा रंग घातलेला असतो, आणि प्रथिनाचे रेणू एकमेकांवर रचले जाऊन तंतू बनू लागले की तो रंग चमकू लागतो. कित्येक तास, कधी काही दिवस, ती चमक मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ सपाटच राहते आणि मग एकदम वर चढते. परंतु आधी तयार झालेल्या तंतूंचा अगदी बारीक चुरा त्याच द्रावणात टाकला, तर तो सपाट काळ जवळजवळ नाहीसा होतो. दुधाला विरजण लागावे तसे चांगले प्रथिन बिघडलेल्याचे वळण उचलते. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात हे आजार कसे पसरत असावेत, याची आजची बरीचशी समजूत या एका गोष्टीवर उभी आहे. २००९ मध्ये गोडर्ट आणि त्यांच्या बाझेलच्या सहकाऱ्यांनी बिघडलेल्या टाऊचा अर्क उंदराच्या मेंदूत टोचून असा प्रसार प्रत्यक्ष दाखवला.

ही रेघ वर चढलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे आणि तिचा अर्थ लावण्यासाठी तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करणे, हे ज्याला मनापासून आवडते तो या क्षेत्रात टिकतो. म्हणून आपल्या मुलीला एक गोष्ट आजच स्पष्ट सांगावी असे मला वाटते. आजीविषयीच्या मायेतून या विषयाकडे वळणे अगदी खरे आणि चांगले आहे. परंतु ती जे शोधील त्याचा उपयोग तिच्या आजीला होणार नाही. एका रेणूच्या प्रश्नाचे उत्तर मिळायला दहा वर्षे लागतात, आणि त्या उत्तरातून औषध निघायला त्याहून जास्त. हे आधी मान्य केलेले असले म्हणजे पुढे मन कडू होत नाही. आणि आजीला आज जे हवे आहे, म्हणजे शांत खोली, ठरलेल्या वेळी जेवण, ओळखीचा आवाज आणि पाठीवर हात, ते देणाऱ्यांचे काम प्रयोगशाळेतल्या कामाहून तसूभरही कमी मोलाचे नाही. घरात ते काम बहुधा आपणच करत असाल. त्यात आपल्यालाही विसावा मिळेल अशी व्यवस्था करावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

राहिला पैशाचा आणि काळाचा हिशेब. एम.एस्सी.ची दोन वर्षे आणि पीएच.डी.ची साधारण पाच ते सहा. काही संस्थांत बी.एस्सी.नंतर थेट एकात्मिक पीएच.डी.ला प्रवेश मिळतो. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही त्यांपैकी दोन. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढील टप्प्यात ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे, एवढी रक्कम मिळते. त्यानंतर दोन-चार वर्षे देशात किंवा परदेशात पीएच.डी.नंतरचे संशोधन, आणि मग स्वतःची जागा. औषध कंपनीतल्या नोकरीशी पैशाची तुलना केली तर ही वाट तोट्याची ठरते, आणि घरात तसे आधीच बोललेले बरे. मेंदूच्या ऱ्हासावर काम करायचे तर मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूची निम्हान्स (राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था) आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातले मेंदू संशोधन केंद्र ही ठिकाणे पहिल्यांदा पाहावीत. मानेसरच्या केंद्राच्या आणि बेंगळुरूच्या मेंदू संशोधन केंद्राच्या संस्थापक संचालक विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांनी कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर भागात गावकऱ्यांच्या मेंदूच्या आरोग्याचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास उभा केला आहे. स्वतः रेणूंवर काम केलेली संशोधक खेड्यातल्या घराघरापर्यंत प्रश्न घेऊन जाते, हे उदाहरण आपल्या मुलीने जरूर वाचावे.

प्रश्न : मी एम.एस्सी. करत असून स्मृतिभ्रंशावर संशोधन करावे असा विचार होता. परंतु अल्झायमरविषयीचा एक गाजलेला शोधनिबंध चित्रांत फेरफार आढळल्यामुळे मागे घेतला गेला, असे वाचनात आले. मग अमिलॉइडचा सगळा सिद्धान्तच पोकळ आहे काय? अशा क्षेत्रात पाय ठेवावा का?
— एक विद्यार्थी, मांजलपूर, बडोदे

उत्तर : तुम्ही म्हणता तो शोधनिबंध २००६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला होता. त्याच्या चित्रांविषयीच्या शंका २०२२ मध्ये जाहीरपणे पुढे आल्या आणि २०२४ मध्ये तो मागे घेण्यात आला. ही घटना गंभीर आहे, आणि तिच्यामुळे इतर प्रयोगशाळांची वर्षे वाया गेली असतील तर त्याबद्दल संताप येणे योग्यच आहे. परंतु तो निबंध बीटा-अमिलॉइड या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या रेणूंच्या एका विशिष्ट जुळणीविषयी होता. हे प्रथिन साचण्यातून आजाराची सुरुवात होते, या सिद्धान्ताचा पाया निराळा आहे, आणि तो रचला गेला कसा हे तुम्ही स्वतः तपासून पाहावे.

१९८४ मध्ये कॅलिफोर्नियात जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी रुग्णांच्या मेंदूवरील रक्तवाहिन्यांत साचलेला पदार्थ वेगळा करून त्यातल्या प्रथिनाचा क्रम वाचला. हेच बीटा-अमिलॉइड. पुढच्या वर्षी कॉलिन मास्टर्स आणि कोनराड बायरॉयथर यांनी मेंदूतल्या पुटांतही तेच असल्याचे दाखवले. डाउन सिंड्रोम असलेल्यांना, म्हणजे ज्यांच्यात एकविसावे गुणसूत्र जन्मतः जादा असते त्यांना, चाळिशीनंतर मेंदूत अशीच पुटे दिसतात हे ग्लेनर जाणून होते, म्हणून याचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असले पाहिजे असे त्यांनी वर्तवले, आणि १९८७ मध्ये ते तिथेच सापडले. ग्लेनर १९९५ मध्ये वारले ते शरीरात अमिलॉइड साचण्याच्याच एका आजाराने. ज्या पदार्थाचा जन्मभर अभ्यास केला तोच हृदयात साचत जावा, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

पुढचा धागा एका पत्राने जोडला गेला. नॉटिंगहॅमच्या एका शिक्षिकेने आपल्या वडिलांना आणि त्यांच्या भावंडांना ऐन पन्नाशीत अल्झायमर झाल्याचे लंडनच्या संशोधकांना कळवले आणि कुटुंबाचे रक्ताचे नमुने देऊ केले. जॉन हार्डी यांच्या गटाला त्या घराण्यात १९९१ मध्ये अमिलॉइडच्या मूळ प्रथिनाच्या जनुकात एक बदल सापडला. १९९५ मध्ये प्रेसेनिलिन ही जनुके सापडली. तीही त्याच मूळ प्रथिनाचे तुकडे पाडणाऱ्या विकराशी संबंधित निघाली. २०१२ मध्ये आइसलँडमध्ये उलट दिशेने पुरावा आला, म्हणजे अमिलॉइड कमी बनवणारा एक बदल ज्यांच्यात आहे त्यांना म्हातारपणी अल्झायमरपासून संरक्षण मिळते असे दिसले. वेगवेगळ्या देशांतले, एकमेकांशी संबंध नसलेले हे पुरावे आहेत. कोणाच्याही एका चित्रावर त्यांचा भार नाही.

तरीही अमिलॉइड म्हणजेच सगळे, असे मी म्हणणार नाही. बिघाडाची सुरुवात तिथून होते आणि पेशींचा प्रत्यक्ष नाश टाऊच्या मार्गाने होतो, असे मला पुराव्यावरून वाटते. अमिलॉइड काढून टाकणारे लेकानेमॅब हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्णपणे मंजूर झाले. त्याच्या मुख्य चाचणीत १,७९५ जण होते, आणि दीड वर्षात औषध घेणाऱ्यांची घसरण इतरांच्या तुलनेत सुमारे २७ टक्के मंद होती. प्रत्यक्ष फरक अठरा गुणांच्या मापावर अर्ध्या गुणाहूनही थोडा कमी होता, आणि काहींच्या मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव झाला. आजार थांबला नाही, परंतु तो पहिल्यांदाच हलला. तुमच्यासारख्यांना करण्याजोगे काम अजून किती आहे, हे त्या छोट्या फरकावरूनच कळते.

एक कारकीर्द तुम्हाला मुद्दाम सुचवतो. कोलंबियाचे चेतावैद्य फ्रान्सिस्को लोपेरा १९८० च्या दशकापासून अँटिओकिया प्रांतातल्या डोंगराळ गावांत अशा घराण्यांकडे जात राहिले, जिथे चाळिशीतच विस्मरण सुरू होते. त्या नातेवाइकांचा वंशवृक्ष हजारो माणसांपर्यंत पोहोचला आणि प्रेसेनिलिनमधला एकच बदल त्यामागे असल्याचे निष्पन्न झाले. त्यांच्यातल्या एका बाईंमध्ये तो बदल असूनही सत्तरीपर्यंत आजार दिसला नाही. त्यांचा मेंदू अमिलॉइडने भरलेला होता, परंतु टाऊ फार कमी होते. त्यांना एपोई या अल्झायमरच्या धोक्याशी संबंधित जनुकाचा एक दुर्मीळ प्रकार दोन्ही पालकांकडून मिळाला होता, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. लोपेरा २०२४ मध्ये वारले. हिंसाचाराने पोळलेल्या प्रदेशात ज्यांच्या घरी जाऊन त्यांनी विश्वास मिळवला त्या माणसांनी मृत्यूनंतर आपले मेंदू संशोधनासाठी दिले. हे ज्ञान अशा विश्वासावर उभे आहे, आणि म्हणूनच आकृत्यांत फेरफार करणे हा केवळ नियमभंग नसून त्या माणसांचा अपमान आहे. तुम्ही या क्षेत्रात यावे, आणि आपल्या प्रयोगाची मूळ चित्रे व नोंदी पहिल्या दिवसापासून जशाच्या तशा जपून ठेवाव्यात.

प्रश्न : मला कंपवात आहे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी हालचाल सुधारते, पण आजार वाढतोच आहे. मुळावरचे औषध का निघत नाही? कवचबीजाचे चूर्ण घ्यावे, असे एका स्नेह्यांनी सुचवले आहे.
— एक निवृत्त शिक्षक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : कवचबीज, म्हणजे खाजकुयलीचे बी, यात लेव्होडोपा असते ही गोष्ट खरी आहे. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ते १९३७ मध्येच त्यातून वेगळे केले होते. आपल्या गोळीतले मुख्य द्रव्यही तेच आहे. म्हणूनच गोळ्या चालू असताना चूर्ण घेतले तर मात्रा किती झाली हे ना आपल्याला कळेल ना डॉक्टरांना. शरीर आपोआप वेडेवाकडे हलणे, भास होणे, रक्तदाब उतरणे असे त्रास त्यातून संभवतात. आपल्या चेतावैद्यांना विचारल्याशिवाय ते अजिबात घेऊ नये.

मुळावरचे औषध का नाही, याचे उत्तर या औषधाच्या इतिहासातच आहे. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेझर्पिन दिले. हे औषध आपल्या सर्पगंधेतून निघते. ससे निपचित पडले, आणि लेव्होडोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकीविच यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामिन हे हालचालीसाठी लागणारे आणि लेव्होडोपापासून बनणारे द्रव्य अतिशय कमी असल्याचे दाखवले, आणि वर्षभरात रुग्णांवर उपचार सुरू झाले. चेतापेशी जे द्रव्य बनवेनाशा झाल्या ते बाहेरून पुरवणे, एवढे काम हे औषध करते. पेशी मरतात का, या प्रश्नाला त्याने हातच लावलेला नाही, कारण त्या वेळी अल्फा-सिन्यूक्लिनचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. ते प्रथिन १९९७ मध्ये पुढे आले, तेही दक्षिण इटलीतल्या कोन्तुर्सी गावाच्या एका घराण्यातून. गोळी आणि कारण यांच्यामध्ये छत्तीस वर्षांचे अंतर आहे, ते असे. शिवाय हाताचा कंप दिसू लागतो तोवर त्या भागातल्या पेशींचा मोठा भाग आधीच गेलेला असतो, त्यामुळे मुळावरचे औषध निघाले तरी ते फार लवकर द्यावे लागेल, आणि लवकर निदान कसे करायचे हा या क्षेत्रातला आज सर्वांत जोरात चाललेला शोध आहे. तोवर गोळ्यांच्या वेळा काटेकोर पाळाव्यात आणि रोजचे चालणे सोडू नये. आपल्या हालचालीसाठी आज हेच सर्वांत हिताचे आहे.

प्रश्न : मी भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे. जीवशास्त्र बारावीनंतर सुटले. मेंदूच्या आजारांच्या संशोधनात मला प्रवेश आहे का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : आहे, आणि त्याचे उदाहरण तुमच्याच गावच्या विद्यापीठातले आहे. वेंकटरामन रामकृष्णन यांनी १९७१ मध्ये सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची बी.एस्सी. केली, अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएच.डी. मिळवली आणि मग नव्याने विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकले. रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, रचनेसाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते काम त्यांनी केंब्रिजच्या त्याच प्रयोगशाळेत केले जिथे गोडर्ट टाऊवर काम करत होते. त्यांचे वडील सी. व्ही. रामकृष्णन यांनी बडोद्यात जीवरसायनशास्त्र विभाग उभा केला, आणि आई राजलक्ष्मी यांच्यासह पोषण आणि मेंदू यांच्या संबंधावर संशोधन केले. मेंदूचे रसायन हा विषय या गावाला नवा नाही.

तुमच्यासाठी सर्वांत जवळचे दार रेणूंच्या रचनाशास्त्राचे आहे. टाऊच्या तंतूंची रचना ज्या अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने उलगडली, त्यात प्रकाशशास्त्र, संकेतप्रक्रिया आणि संगणन हेच निम्म्याहून अधिक काम आहे, आणि जीवशास्त्राच्या पदवीधरांना ते जड जाते. जीवरसायनशास्त्राचे एक चांगले प्राथमिक पाठ्यपुस्तक वर्षभरात नेटाने वाचून काढा, प्रथिनांवरच्या प्रकरणांतली गणिते सोडवा, आणि भारतीय विज्ञान अकादमीच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीची पात्रता पाहून अर्ज करा. अर्ज साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीला, नोव्हेंबरच्या सुमारास घेतात, त्यामुळे पत्र लिहिण्याजोग्या मार्गदर्शकांची यादी दिवाळीच्या आधीच तयार ठेवावी. प्रत्येकाला पत्र लिहिताना त्यांचा निदान एक अलीकडचा शोधनिबंध वाचून, त्यातला कोणता भाग समजला आणि कुठे अडलात, हे चार ओळींत कळवावे.